साडेचार चटयांची खोली आणि आर्णी रोडवरची माझी रूम

"काय पाहून रायला बे तू? कार्टून होय का पागलपन?"

रात्रीचे साडेबारा वाजले होते. पंखा नेहमीसारखा कुरकुरत होता. लॅपटॉपवर एक हडकुळा पोरगा जपानीत इतक्या स्पीडने बोलत होता, की आमच्या बसस्टँडवरचा कंडक्टर त्याच्यापुढे मौनी बाबा वाटावा. खाली इंग्रजी सबटायटल्स पळत होते. एक ओळ वाचून होते न होते तोच पुढच्या दोन निघून जायच्या. चित्रंही विचित्र. माणसं सपाट रंगवलेली, मागे चक्क खऱ्या गल्लीचा फोटो, त्यावर वेगळेच रंग फासलेले. मध्येच एका माणसाचा चेहरा भुतासारखा. रूम पार्टनरने दोन मिनिटं पाहिलं, वरचा प्रश्न विचारला आणि पांघरूण ओढून झोपला.

मलाही तोच प्रश्न पडला होता. पहिल्या एपिसोडला मी किमान तीस वेळा पॉज केलं असेल. दहावीपर्यंत मराठी मीडियम. इंग्रजी वाचता येतं, पण पळत्या गाडीत चढून वाचायची सवय नाही. तरी एपिसोड संपल्यावर मी दुसरा लावला. का लावला, ते तेव्हा सांगता आलं नसतं. आता थोडंफार सांगता येईल, म्हणून हा लेख.

मालिकेचं नाव 'द तातामी गॅलेक्सी'. मूळ जपानी नाव 'योजोहान शिन्वा ताइकेई'. योजोहान म्हणजे साडेचार. साडेचार काय, तर तातामी, म्हणजे जपानी घरात जमिनीवर अंथरतात त्या जाड चटया. जपानमध्ये खोलीचं माप या चटयांवर सांगायची पद्धत आहे. साडेचार चटयांची खोली म्हणजे साधारण नऊ बाय नऊ फूट. हे वाचलं तेव्हा मी मान वर करून आमच्या रूमकडे पाहिलं. दहा बाय दहा, त्यात दोन खाटा. एकदम आपलं वाटलं.

मोगलीपासून इथपर्यंत

ॲनिमे म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर 'नारुतो', 'ड्रॅगन बॉल' नाहीतर 'डीमन स्लेयर' येतं. त्याआधी 'डोरेमॉन' आणि 'शिनचॅन'. माझा मामा म्हणतो, "आमच्या वेळेस असं काही नव्हतं." मी त्याला विचारलं, मामा, दूरदर्शनवर रविवारी मोगली पाहायचा ना? ते 'जंगल बुक' म्हणजे 1989 ची जपानी मालिकाच होती, हिंदीत डब केलेली. मामा दोन मिनिटं गप्प. तीस वर्षांनी त्याला कळलं की आपणही ॲनिमेवालेच.

पण 'तातामी गॅलेक्सी' त्या रांगेतली नाही. तिच्यात मारामारी नाही, शक्ती नाही, जग वाचवायचं नाही. आहे काय, तर क्योटो शहरात शिकणारा, तिसऱ्या वर्षातला एक पोरगा. त्याला नावसुद्धा नाही. शेवटपर्यंत तो फक्त 'मी' असतो. त्याचं दुःख काय? कॉलेजची दोन वर्षं फुकट गेली. ॲडमिशन घेताना त्याच्या डोक्यात गुलाबी रंगाचं कॉलेज लाइफ होतं: मित्र, मैत्रिणी, गप्पा, प्रेम. हातात आलं काहीच नाही. आता त्याला वाटतं, पहिल्या दिवशी आपण चुकीच्या क्लबात नाव घातलं. दुसऱ्या क्लबात गेलो असतो तर सगळं वेगळं झालं असतं.

आणि मग मालिका त्याला तेच करून दाखवते. पहिल्या एपिसोडमध्ये तो टेनिसच्या क्लबात असतो. शेवटी सगळं फिसकटतं, घड्याळाचे काटे उलटे फिरतात आणि तो पुन्हा पहिल्या दिवशी. दुसऱ्या एपिसोडमध्ये सिनेमावाल्यांच्या क्लबात. पुन्हा फिसकटतं. मग सायकलवाले, पुढे कधी सॉफ्टबॉल, कधी इंग्रजी संभाषण, कधी वाचन मंडळ. दर वेळी नवा क्लब, नवी आशा आणि शेवटी तीच साडेचार चटयांची खोली. त्याला मागचं काही आठवत नाही. आपल्याला मात्र सगळं आठवतं. गंमत तिथेच आहे.

काही गोष्टी बदलत नाहीत. ओझू नावाचा भुतासारख्या तोंडाचा पोरगा त्याला प्रत्येक क्लबात भेटतोच आणि त्याला कुठल्या ना कुठल्या लफड्यात ओढतोच. वरच्या मजल्यावर हिगुची राहतो, आठव्या वर्षाला आलेला, पास व्हायची अजिबात घाई नसलेला. आपल्याकडेही प्रत्येक होस्टेलला असा एक दादा असतो. आकाशी नावाची एक सरळ, स्पष्ट बोलणारी ज्युनिअर आहे. आणि रस्त्याच्या कडेला बसणारी एक म्हातारी ज्योतिषीण. ती त्याला दर वेळी एकच सांगते: संधी तुझ्या डोळ्यांपुढे लटकून राहिली आहे, धर तिला. सल्ला तोच, फी मात्र दर एपिसोडला हजार येननं वाढते. त्याला हे कळत नाही, कारण त्याच्यासाठी प्रत्येक भेट पहिलीच असते.

संधी खरोखर लटकलेली असते. आकाशीची हरवलेली एक छोटी पांढरी अस्वलाची बाहुली त्याच्या खोलीतल्या दिव्याच्या दोरीला टांगलेली आहे. रोज तो तिच्याकडे पाहतो. परत द्यायचं वचनही देतो. देत काही नाही.

विचित्र का दिसते?

ही गोष्ट आधी कादंबरी होती. तोमिहिको मोरिमी या लेखकाची ती 2004 मध्ये आली. मोरिमी स्वतः क्योटो विद्यापीठात शिकलेला, त्यामुळे त्या गल्ल्या आणि त्या खोल्या त्याच्या ओळखीच्या. पुस्तकात चारच प्रकरणं आहेत, चार समांतर आयुष्यांची. दिग्दर्शक मासाकी युआसा आणि मॅडहाऊस स्टुडिओने त्याचे 11 एपिसोड केले. एप्रिल 2010 पासून जपानच्या फुजी टीव्हीवर ते रात्री उशिराच्या स्लॉटला लागले. त्याच वर्षी जपान मीडिया आर्ट्स फेस्टिव्हलमध्ये ॲनिमेशनचा सर्वोच्च पुरस्कार तिला मिळाला. टीव्ही मालिकेला तो मिळण्याची ती पहिलीच वेळ होती.

पात्रांची मूळ चित्रं युसुके नाकामुरा या इलस्ट्रेटरची. म्हणूनच ती नेहमीच्या ॲनिमेसारखी मोठ्या चमकदार डोळ्यांची दिसत नाहीत, पोस्टरसारखी दिसतात. आणि युआसाला वस्तू जशी आहे तशी दाखवण्यात रस नाही. 'मी'ला ती जशी वाटते तशी तो दाखवतो. राग आला की रंग बदलतो. लाज वाटली की माणूस वितळतो. ओझूचा चेहरा भुताचा दिसतो, कारण 'मी'ने ठरवून टाकलंय की माझ्या आयुष्याची वाट या माणसाने लावली.

हे लक्षात यायला मला सहा एपिसोड लागले. तोवर मी समजत होतो की चित्रकाराला वेगळं काहीतरी करून दाखवायचंय. बोलण्याच्या स्पीडचंही तसंच. तो पोरगा इतकं भराभर बोलतो, कारण त्याला थांबायची भीती वाटते. थांबला तर विचार करावा लागेल. कारणं देणारा माणूस नेहमी घाईत असतो. हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

माझं घड्याळ

आता माझं सांगतो. बारावीनंतर नीट दिली. मार्क कमी पडले. एक वर्ष ड्रॉप घेतला, क्लास लावला, परत दिली. परत कमी पडले, या वेळी थोडक्यात. बाबांची पाच एकर कापसाची शेती. खासगी मेडिकलच्या फीचा आकडा आमच्या घरात मोठ्याने उच्चारायचीसुद्धा सोय नव्हती. मग यवतमाळला बीएस्सीला ॲडमिशन घेतली. सध्या तिसरं वर्ष.

या तीन वर्षांत मी बीएस्सी कमी आणि 'असतं तर' जास्त केलं. बायोच्या त्या चार प्रश्नांची उत्तरं बदलली नसती तर. क्लास यवतमाळऐवजी नागपूरला लावला असता तर. पहिल्याच वर्षी ॲग्रीला गेलो असतो तर. शासकीय मेडिकलच्या समोरून ऑटो गेला की मी मोबाइलमध्ये तोंड घालायचो. कॉलेजात एनएसएसचं शिबिर झालं, गेलो नाही. गॅदरिंगला गेलो नाही. सरांनी सेमिनारसाठी नाव दे म्हटलं, दिलं नाही. मनात एकच हिशोब: हे आपलं खरं कॉलेज नाहीच, खरं दुसरीकडे होतं.

रूम पार्टनर पोळ्याला त्याच्या गावी चल म्हणायचा. दोनदा म्हणाला. दोन्ही वेळा मी काहीतरी कारण काढलं. तो मला नेहमी म्हणतो, "तू ना बे, वेटिंग लिस्टवर जगून रायला." त्याचा मला राग यायचा. मला माझा ओझू तोच वाटायचा. रात्री दोनपर्यंत मोठ्याने क्रिकेट पाहणारा, माझी साबण वापरणारा, परीक्षेच्या आदल्या दिवशी चहाला ओढून नेणारा. मनातल्या मनात माझ्या निम्म्या अपयशाचं बिल मी त्याच्या नावावर फाडलं होतं.

अनंत खोल्या

(पुढे शेवट थोडा उघड होतो. ज्यांना स्वतः पाहायचंय त्यांनी पुढच्या भागावर उडी मारावी.)

दहाव्या एपिसोडमध्ये 'मी' कुठल्याच क्लबात जात नाही. सगळ्यांपासून दूर, आपल्या खोलीत निवांत. मला वाटलं, हा शहाणा झाला. एक दिवस तो उठतो, दार उघडतो, तर पलीकडे त्याचीच खोली. खिडकीतून जातो, पुन्हा त्याचीच खोली. भिंत फोडतो, पलीकडे तीच. साडेचार चटयांच्या खोल्यांचं न संपणारं जग. तो चालत राहतो. प्रत्येक खोलीतली एक हजार येनची नोट उचलतो, पण खर्च कुठे करणार? दिवस जातात, दाढी वाढते. माणूस एकही नाही.

मग त्याच्या लक्षात येतं की खोल्या तंतोतंत सारख्या नाहीत. एकीत सिनेमाचं सामान, एकीत सायकल, एकीत पुस्तकं. या सगळ्या 'त्या' आयुष्यांच्या खोल्या आहेत, जी आपण आधीच्या एपिसोडमध्ये पाहिली. आणि तो रडकुंडीला येऊन ज्या आयुष्यांना फुकट गेलेलं म्हणत होता, ती बाहेरून पाहताना त्याला भरलेली दिसतात. प्रत्येकात भांडणं आहेत, मूर्खपणा आहे, पण माणसं आहेत. प्रत्येकात ओझू आहे. आणि प्रत्येक खोलीत दिव्याच्या दोरीला ती पांढरी बाहुली लटकते आहे.

शेवटी तो बाहेर पडतो आणि ओझूकडे धावतो. त्या क्षणी पहिल्यांदा आपल्याला ओझूचा चेहरा दिसतो. साधा, माणसासारखा. भूतबीत काही नाही. इतके दिवस आपण 'मी'च्या डोळ्यांनी पाहत होतो.

मी लॅपटॉप बंद केला. समोरच्या खाटेवर रूम पार्टनर तोंड उघडं टाकून झोपला होता. परीक्षेच्या आदल्या दिवशीचा तो चहा आठवला. त्या दिवशी मी सकाळपासून जेवलो नव्हतो, आणि चहाबरोबर त्याने मला दोन समोसे बळेच खायला लावले होते. समोसे मी विसरलो होतो. अभ्यासाचा वाया गेलेला अर्धा तास तेवढा लक्षात ठेवला होता.

पण आपलं क्योटो नाही

इथे एक गोष्ट मला पटली नाही, तीही सांगतो. मालिका पाहून कोणी म्हणेल, कुठलाही रस्ता घ्या, शेवट सारखाच. आपल्याकडे तसं नाही. त्या पोराची निवड टेनिस की सिनेमा एवढीच आहे. विद्यापीठ त्याच्या हातात आधीच आहे, तेही क्योटोसारखं. आपल्याकडे दोन-चार मार्कांनी शासकीय सीट जाते आणि त्या फरकापायी एखाद्या घराचं वावर विकलं जातं. कापसाला भाव मिळाला की नाही, यावर बहिणीचं पुढचं शिक्षण ठरतं. "जे आहे त्यात आनंद मान" हे वाक्य ऐकवायला सोपं असतं, विशेषतः ज्याला सगळं मिळालंय त्याला. तेव्हा मालिकेचा अर्थ तेवढाच असता, तर मी ती तिथेच सोडली असती.

मला तिचा अर्थ वेगळा लागला. रस्ते वेगळे असतात, त्यांची किंमतही वेगळी असते. पण न घेतलेल्या रस्त्याकडे पाहत उभं राहिलं, तर घेतलेला रस्ताही चालून होत नाही. दारव्ह्याला जाताना आपल्या 'शकुंतला'चे रूळ आठवतात. गाडी बंद पडून वर्षं झाली, रुळांवर गवत आलं. त्या गाडीच्या आठवणी काढाव्यात, छानच वाटतं. पण गावी जायचं असेल तर एसटीच पकडावी लागते.

खिळ्यावरची पिशवी

आमच्या रूमच्या भिंतीला एक खिळा आहे. त्याला अडीच वर्षांपासून एक निळी पिशवी टांगलेली होती. त्यात माझ्या ड्रॉपच्या वर्षातले नोट्स होते. फेकवत नव्हते आणि उघडवतही नव्हते. बहीण या वर्षी बारावीला आहे. जूनपासून तीनदा फोनवर म्हणाली होती, "दादा, तुझे नोट्स आहेत ना रे? आण ना." मी प्रत्येक वेळी म्हणालो, "पाहतो."

अकरावा एपिसोड संपला त्या रात्री माझी नजर त्या पिशवीवर गेली आणि मी चक्क हसलो. म्हातारी ज्योतिषीण फुकटात भेटली होती.

शनिवारी पिशवी घेऊन गावी गेलो. बहिणीने वह्या अंगणात पसरल्या. "हे सगळं तू लिहिलं होतं?" असं तिने अशा आवाजात विचारलं, की मला उत्तर सुचलं नाही. मग ती ऑरगॅनिकच्या एका रिॲक्शनवर अडली. मी समजावून सांगायला बसलो. एकीच्या तीन झाल्या, तीनच्या दहा. बाबा वावरातून आले, हातपाय धुऊन बाजेवर बसले आणि काही न बोलता ऐकत राहिले. रात्री जेवताना आईला म्हणाले, "पोरगं समजावून चांगलं सांगते." बस, एवढंच. त्यांनी माझ्याबद्दल केलेलं 'नीट'नंतरचं हे पहिलं वाक्य, ज्यात 'जाऊ दे' नव्हतं.

मी डॉक्टर झालो नाही, हे त्याने बदललं नाही. अजूनही मेडिकलसमोरून जाताना पोटात काहीतरी होतं. पण सेमिनारसाठी या वेळी नाव दिलंय. एमएस्सीच्या प्रवेश परीक्षेची माहिती काढतोय. आणि रूम पार्टनरला सांगितलंय, या पोळ्याला मी येतो. तो म्हणाला, "साबण तुयी आणशीन." ओझूच तो.

पाहायचीच असेल तर

11 एपिसोड आहेत, साधारण तेवीस मिनिटांचे. सगळे मिळून चार-सव्वाचार तास, म्हणजे आयपीएलच्या एका मॅचएवढं. क्रमानेच पाहा, मधला एकही गाळू नका. दुसऱ्या-तिसऱ्या एपिसोडला "हे तर तेच ते चाललंय" असं वाटेल, तिथे सोडू नका. 'तेच ते' हाच मुद्दा आहे. सबटायटल्स सुटले तर पॉज करा, त्यात लाज कसली. माझं इंग्रजी वाचन या अकरा एपिसोडांनी सुधारलं ते कुठल्या स्पोकन क्लासने सुधारलं नव्हतं.

आवडली तर पुढे युआसाचीच 'पिंग पाँग' (2014) आहे, तीही 11 एपिसोडांची. शांत, रानातली, धुक्यातली गोष्ट हवी असेल तर 'मुशिशी' (2005). इंटरनेट आणि एकटेपणावर डोकं फिरवून घ्यायचं असेल तर 'सिरियल एक्सपेरिमेंट्स लेन'. ती 1998 ची आहे, हे पाहताना विश्वास बसत नाही.

आणि पाहून झाली की एकदा आपल्या रूमच्या भिंतींकडे नीट पाहा. काहीतरी लटकलेलं असतंच. आमच्या खिळ्याला सध्या रूम पार्टनरचा ओला टॉवेल असतो. मी त्यावर काही बोलत नाही.